एकशे चौदा की आठ?

मंडळी, या विकांताचा विषय अगदी चैनीचा आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय पियानोचा सीडींचा बॉक्स सेट विकत घ्यावा का? आणि घ्यायचाच तर कुठला? महागाई, ट्रॅफिक, शाळेच्या फिया असे जिव्हाळ्याचे विषय सोडून हे काय मध्येच, असं वाटेल. पण गेले काही आठवडे माझ्या डोक्यात हाच किडा वळवळतोय. आणि विचार करता करता लक्षात आलं की हा प्रश्न सीडींचा कमी आणि आपल्या वेळेचा जास्त आहे. म्हणून लिहितोय.

तर माझ्या विशलिस्टमध्ये दोन खोकी आहेत. पहिलं आल्फ्रेड ब्रेंडेलचं. फिलिप्स कंपनीसाठी त्याने आयुष्यभर केलेली सगळी ध्वनिमुद्रणं डेक्काने २०१६ साली एकत्र काढली. सीडी ११४. (ब्रेंडेल जून २०२५ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी गेला.) दुसरं खोकं आर्तुर श्नाबेलचं. बेथोव्हेनचे ३२ पियानो सोनाटे, १९३२ ते १९३५ या काळात लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलेले. सीडी ८.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. आठवाला घ्या. एकशे चौदावाला घेऊ नका. तो महाग आहे हे कारण नाही. आठ सीडी आपल्याच्याने संपतात, आणि संपल्या की पुन्हा पहिलीपासून लावता येतात, हे कारण आहे. आता सविस्तर.

आधी पैशांचा हिशेब. मोठा सेट आपल्याला एका जुन्या युक्तीने पकडतो. समजा त्याची किंमत २५ हजार आहे. आकडा बघून पोटात गोळा येतो. मग मन हळूच भागाकार करतं: २५,००० भागिले ११४, म्हणजे एक सीडी २१९ रुपयांना. अरेच्चा, एवढ्यात मल्टिप्लेक्सचं पॉपकॉर्न येत नाही! छोटा सेट समजा अडीच हजारांना असेल, तर त्यात एक सीडी ३१२ रुपयांना पडते. म्हणजे मोठाच घेतलेला बरा, नाही का? किराण्याच्या दुकानात पाच किलोची पिशवी घेताना आपण हेच करतो. फरक इतकाच की तूरडाळ घरात रोज शिजते.

खरा भागाकार तासांनी करायला हवा. ऑफिस, ऑफिसला जाण्यायेण्याचा वेळ, घर, लेकीचा अभ्यास, अमेरिकेतल्या क्लायंटचे रात्रीचे कॉल्स हे सगळं वजा केल्यावर मला लक्ष देऊन ऐकायला आठवड्याला दोन तास मिळतात. शनिवारी सकाळी एक, रविवारी रात्री एक. (हेडफोन लावून कोड लिहिताना जे वाजत असतं ते मी यात धरत नाही. तेव्हा कान कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज दाबण्यात गुंतलेले असतात.) सीडी सरासरी एक तासाची धरली तर ११४ सीडींना ५७ आठवडे लागतील. एक वर्ष आणि वर महिनाभर. तेही गणपती, दिवाळी, प्रॉडक्शन रिलीज यांतला एकही विकांत न चुकवता. आणि एवढं करून प्रत्येक गोष्ट फक्त एकदा ऐकून होईल! श्नाबेलचा सेट साधारण १० तासांचा. त्याच ५७ आठवड्यांत तो अकरा वेळा ऐकून होतो.

११४ हा आकडा या जगात फार मोठाही नाही बरं का. आर्थर रुबिनस्टाइनचा २०११ साली निघालेला सेट १४२ सीडींचा आहे. ग्लेन गूल्डचा २०१५ सालचा ८१ सीडींचा. आणि फिलिप्सने १९९८-९९ मध्ये अनेक कंपन्यांची ध्वनिमुद्रणं एकत्र करून 'विसाव्या शतकातले थोर पियानिस्ट' अशा अर्थाच्या नावाची मालिका काढली होती, ती ७२ पियानिस्ट, १०० खंड आणि २०० सीडींची. माझ्या वेगाने दोन वर्षांचं काम.

आपल्या धंद्यात अशा गोष्टीला बॅकलॉग म्हणतात. आणि १४२ तिकिटांच्या बॅकलॉगचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. वरची दहा होतात. बाकीची दर तीन महिन्यांनी कुणीतरी उघडून बघतो, उसासा टाकतो आणि पुढच्या तिमाहीत ढकलतो. घरातल्या शेल्फवर असा एक बॅकलॉग सुबक छापील पुठ्ठ्यात उभा करायचा आणि येता-जाता त्याच्याकडे बघून थोडं अपराधी वाटून घ्यायचं, यासाठी कुणी पैसे का द्यावेत?

"पण मुळात विकत घ्यायचंच कशाला? सगळं अ‍ॅपवर आहे की!" हा ऑफिसातल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न. रास्त आहे. महिन्याला एका पिझ्झ्याहून कमी पैशांत जगातलं जवळजवळ सगळं ध्वनिमुद्रित संगीत खिशात येतं. मीही वापरतो, वापरणं सोडणार नाही.

तरी थोडी तक्रार करतोच. बहुतेक अ‍ॅप्सचा डेटाबेस बनवणाऱ्यांच्या डोक्यात गाणं, गायक आणि अल्बम एवढीच तीन कोष्टकं होती. सोनाट्याला लागतात रचनाकार, ओपस क्रमांक, स्वरपट्टी, त्यातले तीन-चार भाग, वाजवणारा आणि ध्वनिमुद्रणाचं वर्ष. हे सगळं शीर्षकाच्या एकाच स्ट्रिंगमध्ये कोंबलं की शोध घेताना काय होतं ते आपण जाणतोच. 'मूनलाइट' शोधलं की पावसाचे आवाज घातलेल्या झोपेच्या प्लेलिस्टी पुढे येतात. 'अपॅशनाटा' सोनाट्याचा दुसरा भाग संपतच नाही, तो अर्धवट लोंबकळत थेट तिसऱ्यात घुसतो. फुकटच्या खात्यावर नेमकी तिथे जाहिरात लागली की संपलं. ही अडचण इतकी खरी आहे की अ‍ॅपलने २०२१ साली प्राइमफोनिक नावाची क्लासिकलपुरती सेवा विकत घेतली आणि २०२३ साली क्लासिकलसाठी वेगळं अ‍ॅप काढलं. म्हणजे यावर तोडगा निघतोय. त्यामुळे 'अ‍ॅप वाईट, सीडी चांगली' असा माझा मुद्दाच नाही.

उलट तुमची बाजू मी आणखी भक्कम करून देतो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. श्नाबेलची ही मुद्रणं १९३० च्या दशकातली, म्हणजे भारतात मूळ मुद्रणांवरचा हक्क केव्हाच संपलेला आहे. जालावर ती फुकट ऐकता येतात, तीही उजळ माथ्याने. आता बोला! जे फुकट आहे, कायदेशीर आहे आणि खिशातल्या फोनवर आहे, त्यासाठी मी अडीच हजार का मोजू?

कारण मला आवाज विकत घ्यायचा नाहीये. मला कुंपण विकत घ्यायचं आहे. अ‍ॅपवर सातवा सोनाटा ऐकताना चौथ्या मिनिटाला खाली 'तुम्हाला हेही आवडेल' अशी पट्टी येते, आणि माझा अंगठा माझ्या नकळत तिकडे जातो. त्यात माझा दोष थोडा आहे. अंगठा तिकडे जावा यासाठी आपल्यासारख्याच हुशार पोरांनी रात्री जागवल्या आहेत. खोक्यात पट्टी नसते. तिथे आठ सीडी असतात, आणि सातवी संपली की आठवीच लागते. मर्यादा पैसे देऊन घ्यावी लागते हे हास्यास्पद आहे, मान्य. पण जिमचे पैसे आपण कशाचे भरतो? जोर-बैठका घरीही फुकटच आहेत.

आता कुणी म्हणेल, पुन्हा पुन्हा तेच ऐकायचा एवढा अट्टहास का? इथे आपल्या कानांबद्दल थोडं बोलायला हवं.

आपल्यापैकी बरेच जण हिंदुस्थानी संगीतावर वाढलेले. निदान घरात रेडिओ होता, पहाटेची दिवाळी होती, सवाई गंधर्वला गोधडी घेऊन गेलेले काका-मामा होते. त्या कानांना पियानो सुरुवातीला कोरडा वाटतो. साहजिक आहे. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि त्या क्षणापासून स्वर मरायला लागतो. तो वाढवता येत नाही, खेचता येत नाही, शेजारच्या स्वरावर घसरवत नेता येत नाही. मींड नाही, गमक नाही. स्वराचा कस लावून बसलेल्या श्रोत्याला हे म्हणजे टाइपरायटरवर पत्र लिहिल्यासारखं.

गंमत अशी की चांगला पियानिस्ट या मरणाऱ्या स्वरांतून सलग गाणं चालल्याचा आभास तयार करतो. पुढचा स्वर किती वजनाने, किती उशिरा, आधीचा किती विझल्यावर ठेवायचा, एवढंच त्याच्या हातात असतं. दहा गायक यमन गातात तेव्हा प्रत्येकाची बंदिश वेगळी, आलाप वेगळे, मांडणी वेगळी असते. फरक ढळढळीत कळतो. दहा पियानिस्ट तोच सोनाटा वाजवतात तेव्हा कागदावरचा एकूण एक स्वर तोच असतो. फरक चिमूटभराचा, आणि तो ओळखायला आधी मूळ चाल पाठ व्हावी लागते. ती पाठ होते चौथ्या-पाचव्यांदा ऐकल्यावर. पहिल्यांदा ऐकताना सोनाटा म्हणजे अनोळखी शहरातून टॅक्सीने जाणं. बाहेर बरंच काही होतं, एवढंच लक्षात राहतं. ११४ सीडी एकेकदा ऐकणारा ११४ शहरांतून टॅक्सीने जातो.

आता श्नाबेलच का, ते. ही गोष्ट मला फार आवडते, कारण ती म्हणजे बॉक्स सेट विकत घ्यायच्या निर्णयाचीच जुनी गोष्ट आहे.

फ्रेड गाइसबर्ग नावाचा अमेरिकन माणूस ग्रामोफोन कंपनीसाठी जगभर फिरून ध्वनिमुद्रणं करायचा. नोव्हेंबर १९०२ मध्ये तो कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात तिथून धरतात. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, त्यात अख्खा राग बसवायचा! याच गाइसबर्गने पुढे तीस वर्षांनी लंडनला श्नाबेलला स्टुडिओत आणलं. सोपं नव्हतं ते. श्नाबेलला रेकॉर्डिंग हा प्रकार बरीच वर्षं पसंत नव्हता. मैफलीत घडणारी गोष्ट मेणात गोठवायची, ही कल्पनाच त्याला रुचत नव्हती.

१९३१ साली ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया एकत्र येऊन ईएमआय ही कंपनी झाली. (आपल्याला ईएमआय म्हटलं की फ्लॅटचा हप्ता आठवतो, त्याला इलाज नाही.) त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचा अ‍ॅबी रोडवरचा स्टुडिओ सुरू झाला. जागतिक मंदीचे दिवस. बेथोव्हेनचे सगळे ३२ सोनाटे तोवर कुणीच मुद्रित केले नव्हते, आणि मंदीत एवढा महाग माल घेणार कोण? म्हणून एक 'सोसायटी' काढली. लोकांनी आधी वर्गणी भरायची, मग कंपनी मुद्रण करून टप्प्याटप्प्याने खंड पाठवणार. थोडक्यात, क्राउडफंडिंग. आणि मग खरोखरच हप्ते!

तुम्हीच हिशेब करा. १० तास म्हणजे ६०० मिनिटं. तबकडीच्या एका बाजूला चार-सव्वाचार मिनिटं. म्हणजे १४० च्या वर बाजू, निदान सत्तर तबकड्या. प्रत्येक बाजू एका दमात वाजवायची, कारण मेणावर कोरलेलं कापून जोडता येत नाही. मधे एक स्वर चुकला तर अख्खी बाजू पुन्हा वाजवा, नाहीतर चूक तशीच ठेवा. शेवटच्या सोनाट्याचा दुसरा भाग सतरा-अठरा मिनिटांचा आहे. तो तुकड्या-तुकड्यांत वाजवायचा, थांबायचं, मेण बदलायचं, आणि पुन्हा त्याच लयीत, त्याच मनःस्थितीत पुढे जायचं. आपल्याला मीटिंगमधून उठून परत कोडमध्ये शिरायला अर्धा तास लागतो.

श्नाबेलच्या चुका प्रसिद्ध आहेत. 'हॅमरक्लाव्हियर' (ओपस १०६) हा एकच सोनाटा असा आहे की ज्यावर बेथोव्हेनने मेट्रोनोमचे आकडे स्वतः लिहून ठेवलेत. पहिल्या भागाचा वेग मिनिटाला १३८ अर्धमात्रा. माणसाच्या बोटांना न झेपणारा, असं म्हणून बहुतेक जण सावकाश वाजवतात. श्नाबेल त्या वेगाच्या मागे धावतो, ठेचकाळतो, स्वर सांडतात, तरी थांबत नाही. युनिट टेस्ट लावली तर हा बिल्ड लाल होईल. पण ऐकताना आपण खुर्चीच्या कडेला आलेलो असतो.

आणि या तीन-चार वर्षांत बाहेर काय चाललं होतं? श्नाबेल ज्यू होता, बर्लिनमध्ये राहणारा. हे मुद्रण चालू असताना, १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि श्नाबेलने जर्मनी सोडली. त्याच्या आईला १९४२ साली नाझींनी टेरेझिनच्या छावणीत नेलं, ती परत आली नाही. युद्ध संपल्यावरही तो जर्मनीत वाजवायला गेला नाही. जर्मन संगीताचा सर्वात मोठा मानबिंदू पहिल्यांदा अखंड मुद्रित झाला तो लंडनमध्ये, जर्मनीने नकोसा केलेल्या माणसाच्या हातून. नेमका कुठला सोनाटा त्याने देश सुटण्याआधी वाजवला आणि कुठला नंतर, हे ऐकून कळत नाही. पण हे माहीत झाल्यावर खरखर मागे पडते, एवढं खरं.

'पण मोठा सेट संपूर्ण असतो,' हा पुढचा युक्तिवाद. इंजिनिअर लोकांना 'कम्प्लीट' या शब्दाचं भारी आकर्षण. तर थोडं त्याच्याविषयी. एमिल गिलेल्स हा बेथोव्हेनचे सगळे सोनाटे मुद्रित करत होता. ऑक्टोबर १९८५ मध्ये तो गेला तेव्हा पाच राहिले होते. त्यांत शेवटचा, ओपस १११ सुद्धा. तो अपुरा संच आजही लोक जिवापाड जपतात. आनी फिशरने १९७७ पासून सगळे ३२ मुद्रित केले, पण तिचं समाधान होईना. संच बाहेर आला तो १९९५ साली ती गेल्यानंतर. मौरिझियो पोलिनीने १९७५ ला सुरुवात केली आणि २०१४ ला शेवट. ३९ वर्षं! आपण ज्या पूर्णतेसाठी 'बाय नाऊ' दाबतो ती या माणसांच्याही हाताला सहज लागत नव्हती.

उलट ३२ सोनाट्यांची पूर्णता वेगळ्या जातीची आहे. पहिले सोनाटे १७९५ च्या सुमाराचे, शेवटचा १८२२ चा. पंचविशीतला तरुण ते पूर्ण बहिरा झालेला पन्नाशीचा माणूस. मधल्या काळात पियानोसुद्धा बदलला, मोठा झाला, जास्त सप्तकांचा झाला. सत्तावीस वर्षांचं आयुष्य दहा तासांत क्रमाने ऐकता येतं. ११४ सीडींमध्ये असा क्रम नसतो. तिथे मोझार्ट, शूबर्ट, हायडन, लिस्ट सगळे, आणि ब्रेंडेलने फिलिप्ससाठी हेच ३२ सोनाटे दोनदा वाजवलेत, तेही दोन्ही. तो कंपनीच्या कपाटाचा क्रम आहे.

मग मोठा सेट कुणी घ्यावा? संगीत शिकवणाऱ्यांनी, ग्रंथालयांनी, निवृत्त होऊन रोज तीन तास मिळणाऱ्यांनी जरूर घ्यावा. एखादा वादक तुमचा जीव की प्राण असेल तरीही घ्या. गूल्डचाच बघा. बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' त्याने १९५५ साली ३८ मिनिटांत उडवली आणि १९८१ साली तीच ५१ मिनिटांत वाजवली, पुढच्या वर्षी गेला. हा सगळा प्रवास ज्याला पायी करायचा आहे त्याला ८१ सीडी जास्त नाहीत. पण 'अजून मला यातलं फारसं कळत नाही, म्हणून एकदम सगळंच घेऊन ठेवतो' हे कारण असेल तर थांबा. न कळण्यावर संख्या हे औषध नाही.

आणि 'स्टॉक संपेल' या भीतीबद्दल. ही खोकी एकदा छापतात आणि मग दुर्मिळ होतात, हे खरं आहे. जुन्या सेटचे भाव नंतर चढतात, हेही खरं. पण हे कारण शेअर घ्यायला ठीक. ऐकायला घेतलेली वस्तू आपल्याला संपवता येणार आहे की नाही, हे स्टॉकवर ठरत नाही.

तज्ज्ञांचं ऐकावं का? ऐकावं, पण एक गोष्ट लक्षात ठेवून. जॉइस हॅटो या ब्रिटिश पियानिस्टच्या नावावर शंभराहून जास्त सीडी निघाल्या, समीक्षकांनी डोक्यावर घेतल्या. २००७ साली कुणीतरी त्यांतली लिस्टची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली, तर आयट्यून्सने नाव दाखवलं लास्लो सायमन या दुसऱ्याच पियानिस्टचं! मग ध्वनिलहरी ताडून बघितल्या, आणि एकामागून एक सीडी इतरांच्या मुद्रणांवरून उचललेल्या निघाल्या. तिच्या नवऱ्याने, जो ती कंपनी चालवत होता, नंतर कबुली दिली. बिचारी हॅटो आदल्याच वर्षी वारली होती. ज्यांच्या मूळ सीडींना जेमतेम बरं म्हटलं गेलं असेल, त्यांचंच वाजवणं नाव बदलताच थोर ठरत होतं. तेव्हा खोक्यावरच्या नावाला भुलण्याआधी कानाला विचारा.

विचारायचं कसं? सोपं आहे. अ‍ॅपचा खरा उपयोग इथे. एकच सोनाटा निवडा, 'पॅथेटिक' (ओपस १३) चालेल, वीसएक मिनिटांचा आहे. तो श्नाबेल, केम्प्फ आणि गिलेल्स या तिघांचा एकेका विकांताला दोनदा ऐका. चौथ्या विकांताला ज्याचा पुन्हा लावावासा वाटेल त्याचं खोकं घ्या. श्नाबेलची खरखर सहन झाली नाही तर त्यात काही कमीपणा नाही. १९३० च्या दशकातलं मुद्रण आहे, ते झणझणीत ऐकू येणार नाही. विल्हेल्म केम्प्फचा १९६४-६५ चा स्टिरिओ संच आहे, स्वच्छ, शांत, घरगुती. त्याच्याही आठच सीडी. आणि चौथ्या विकांताला तिघांपैकी कुणीच आठवला नाही, तर पैसे वाचले, मस्त मिसळ खाऊन या.

घेण्याआधी घरात सीडी वाजवायला काही आहे का तेही बघा. हल्लीच्या लॅपटॉपना खाच नसते. बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणून एकदा सगळं उतरवून घेतलं की झालं. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. दहा तासांचे सहा जीबी. फोनवरचा एखादा गेम याहून मोठा असतो. बेथोव्हेनचं आयुष्य बसतं त्यात.

मी श्नाबेलची ऑर्डर टाकली आहे. ब्रेंडेल विशलिस्टमधून काढला, 'नंतरसाठी जतन' मध्येही ठेवला नाही. दर शनिवारी एक सोनाटा, पहिल्यापासून ओळीने, म्हणजे ३२ शनिवार. रविवारी तोच पुन्हा. उरलेल्या वेळात चहा. वेग कमी वाटतो ना? या हिशेबाने वर्षाच्या आत प्रत्येक सोनाटा दोनदा ऐकून होईल आणि वीस विकांत शिल्लक राहतील, जे सासुरवाडी, लग्नं आणि प्रॉडक्शन रिलीज यांच्या नावावर आधीच लिहून ठेवले आहेत.